गरीब वस्ती, गुन्हा आणि फाटकावरची तपासणी: संशय कोणावर घ्यावा?

वैदेही_मानपाडा (धागाकर्ती)

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलात एसीच्या बाहेरच्या यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या कापून नेण्याचे प्रकार लागोपाठ घडले. त्यानंतर व्यवस्थापन समितीने ठराव केला की घरकामाला येणाऱ्या बायका, गाड्या धुणारी मुले आणि कचरा उचलणारे कामगार यांच्या पिशव्या बाहेर पडताना फाटकावर तपासायच्या. या नळ्या वरच्या मजल्यांच्या बाहेरच्या भिंतीवरून गेल्या आहेत. तिथे पोहोचायला दोर लागतो आणि कापायला हत्यार. तरीही एसी दुरुस्तीवाले, रंगकामाचे कंत्राटदार आणि रहिवासी यांना तपासणीतून वगळले आहे. परवा माझ्यासमोर एका बाईंना स्टीलचा डबा उघडायला लावला. डब्यात आमच्याच मजल्यावरच्या कुटुंबाने दिलेली मटकीची उसळ होती. ती कोणत्या सदनिकेतून मिळाली हे रखवालदाराने नोंदवहीत लिहिले आणि खाली बाईंची सही घेतली.

मला तपासणीच्या गैरसोयीपेक्षा तिच्यामागच्या गृहीतकाबद्दल बोलायचे आहे. "गरिबी आहे म्हणजे चोरी होणारच," असे समितीतले एक सदस्य अगदी सहानुभूतीने म्हणाले. बीएला समाजशास्त्र शिकताना वर्ग आणि गुन्हा यांवर मी बरेच वाचले होते. खालच्या वर्गात गुन्हे खरोखरच अधिक घडतात, की खालच्या वर्गाचे गुन्हे अधिक पकडले आणि मोजले जातात? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण तेवढ्याने सगळे उलगडते असे मला वाटत नाही. जाणकारांनी लिहावे.

कोपरीकर

वैदेहीताई, आपली कळकळ समजते, पण व्यवहार पाहा. पोलिसांनी पकडलेले घरफोडीचे आणि सोनसाखळीचे आरोपी बहुतेक कोणत्या वस्त्यांतून येतात, हे ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मॉलमध्ये आणि विमानतळावर माझीही पिशवी तपासली जाते. मी तो अपमान मानत नाही. पोट रिकामे असेल तर माणसाची नीती टिकत नाही, हे साधे सत्य आहे.

प्राध्यापक_सानपाडा

कोपरीकर, पोट आणि नीती यांचा संबंध आपण मांडता तितका थेट असता, तर सर्वांत गरीब भागांत सर्वाधिक गुन्हे दिसायला हवे होते. तसे दिसत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1938 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. ते स्वतः फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरित कुटुंबात वाढले होते. त्यांचे म्हणणे असे की नुसत्या गरिबीने गुन्हा वाढत नाही. समाज जेव्हा सर्वांसमोर एकच ध्येय ठेवतो, पैसा मिळवा, वर चढा, आणि त्या ध्येयाकडे नेणारे सनदशीर मार्ग मात्र काहींनाच खुले ठेवतो, तेव्हा ताण निर्माण होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइम यांची प्रमाणकशून्यतेची, म्हणजे समाजाच्या नियमांची पकड सुटण्याची, कल्पना मर्टन यांनी अशी नव्याने वापरली. या ताणाला माणसे वेगवेगळी उत्तरे देतात. बहुसंख्य लोक ध्येयही मानतात आणि मार्गही मानतात. काही ध्येय ठेवतात व मार्ग बदलतात, आणि बरेचसे मालमत्तेचे गुन्हे इथे येतात. काही ध्येय सोडून केवळ नियम पाळत राहतात, काही दोन्ही सोडून व्यसनात बुडतात, आणि काहींना ध्येय व मार्ग दोन्हीच बदलून हवे असतात.

आता हे वागळे इस्टेटवर लावून पाहा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. किसननगर, लोकमान्यनगर या वस्त्यांत राहणारा कामगार दहावी नापास असला तरी त्याला यंत्रावर काम मिळत असे, आणि त्या कामातून घर, लग्न, मुलांचे शिक्षण असा पायरीपायरीने जाणारा रस्ता होता. कारखाने बंद झाले, जागेवर काचेच्या इमारती आल्या. त्यांच्या मुलांना ती इमारत रोज दिसते, पण तिच्या आतल्या नोकरीसाठी लागणारे इंग्रजी आणि पदवी त्यांच्याकडे नाही. आपला शेजारी आपल्याइतकाच गरीब असतो तेव्हा हा ताण एवढा जाणवत नाही.

मर्टन यांच्यावर आक्षेपही आहेत. अल्बर्ट कोहेन यांनी 1955 मध्ये विचारले की बाक मोडणे, दिवे फोडणे, विनाकारण मारामारी यांत पैसा कुठे आहे? त्यांचे उत्तर असे की शाळा मध्यमवर्गाच्या मोजपट्टीने मुलांना मोजते. त्या मोजपट्टीवर सतत कमी भरणारी मुले आपली वेगळी मोजपट्टी तयार करतात आणि तिच्यावर मोठी होतात.

जुना_कामगार

प्राध्यापक साहेबांनी वागळेचे नाव काढले म्हणून लिहितो. मी तिथे एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होतो. नाव लिहीत नाही. कंपनी बंद झाली तेव्हा आम्हाला कळले की आमच्या पगारातून दरमहा कापलेला प्रॉव्हिडंट फंड बराच काळ भरलेलाच नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवर कपात छापलेली होती, भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात खात्यावर रक्कम नव्हती. आम्ही मोर्चे काढले, अर्ज केले. माझ्या ओळखीच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न त्या पैशांवर ठरले होते आणि ते लांबले.

त्याच काळात कंपनीच्या आवारातून भंगारातले बेअरिंग उचलणाऱ्या एका पोराला पोलिसांनी धरून नेले, तो महिनाभर आत होता. आमचे पैसे ज्यांनी वापरले त्यांच्या दारात पोलीस आल्याचे मी पाहिले नाही. मला सिद्धांत माहीत नाहीत. पण "गुन्हे कोणत्या वर्गात जास्त" असे कोणी विचारले की मला तो पोर आणि ती पगाराची चिठ्ठी एकत्रच आठवतात.

ॲड_कळवा

काका, आपण लिहिलेली गोष्ट कायद्यानेही गुन्हाच आहे, आणि हे वाचकांना माहीत असावे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मालकाने निधीत भरला नाही, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो, असे स्पष्टीकरण जुन्या दंडसंहितेच्या कलम 405 मध्येच होते आणि आता ते भारतीय न्यायसंहितेच्या कलम 316 मध्ये आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणाऱ्या माणसाला जे कलम लागते, त्याच कुळातले हे कलम आहे. फरक पडतो तो पुढे. भंगाराच्या चोरीत पोलीस ठाणे, पंचनामा, मुद्देमाल, रिमांड ही साखळी त्याच दिवशी सुरू होते. निधीच्या प्रकरणात आधी निरीक्षक, मग नोटीस, सुनावणी, व्याज, दंड, हप्ते, असा प्रशासकीय प्रवास सुरू होतो आणि फौजदारी तक्रार शेवटी कधीतरी येते किंवा येतच नाही.

हा फरक समाजशास्त्रात एडविन सदरलँड यांनी पहिल्यांदा ठळकपणे मांडला. 1939 मध्ये अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारीची, म्हणजे प्रतिष्ठित लोकांनी आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्यांची, कल्पना मांडली. पुढे 1949 मध्ये त्यांनी 70 मोठ्या अमेरिकन कंपन्यांविरुद्ध गेलेले निर्णय मोजले. ते 980 भरले, म्हणजे सरासरीने एका कंपनीमागे 14. त्यांतले बहुसंख्य निर्णय फौजदारी न्यायालयाबाहेरचे होते, म्हणून त्या कंपन्यांना कोणी सराईत गुन्हेगार म्हणत नव्हते. त्या पुस्तकातून कंपन्यांची नावे प्रकाशकाने काढायला लावली. नावांसह आवृत्ती 1983 मध्ये निघाली. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. कार्सन यांनी 1970 मध्ये कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास करून 200 आस्थापनांच्या नोंदी तपासल्या. उल्लंघने हजारांनी सापडली आणि खटले मात्र जेमतेम दीड टक्का.

गरिबी हेच गुन्ह्याचे कारण मानले तर या कंपन्यांचे स्पष्टीकरण काय, हा सदरलँड यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांकडून. तंत्रही शिकतात आणि "यात काही गैर नाही" हे समर्थनही.

कोपरीकर

ॲडव्होकेट साहेब, हे सगळे मान्य. पण निधी बुडवणारा मालक रात्री माझ्या पत्नीच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढत नाही. लोकांना भीती कशाची वाटते हेही महत्त्वाचे आहे. माझी पत्नी स्टेशनवरून घरी येताना आजही पदर मानेभोवती घट्ट घेऊन चालते. तिला कंपन्यांचे 980 निर्णय सांगून धीर येणार नाही.

शीळफाटा_मुंब्रा

कोपरीकर काका, काकूंची भीती खरीच आहे. पण जिवाची भीती फक्त रस्त्यावरच्या गुन्ह्यातून येते, हे आमच्या भागात कोणी मान्य करणार नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शीळ भागातली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. खाली कुटुंबे राहत होती आणि वर मजले चढवले जात होते. त्या प्रकरणात बांधकाम व्यावसायिकांबरोबर महापालिकेच्या आणि पोलीस खात्यातल्या लोकांनाही अटक झाली होती, म्हणजे हे एका लोभी माणसाचे काम नव्हते. मेलेल्यांत रोजंदारीवरचे कामगार आणि त्यांची मुले होती. ठाण्यात मंगळसूत्र ओढताना इतकी माणसे एका संध्याकाळी मेल्याचे कोणी सांगू शकेल का? तरीही "गुन्हेगारी वाढली" असे आपण म्हणतो, तेव्हा अशी इमारत कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

लोकमान्यनगर_सुनीता

मी या चर्चेत जपून लिहिते आहे, कारण ज्या वस्तीबद्दल सगळे बोलत आहेत तिथेच मी वाढले आणि आजही राहते. माझी आई घोडबंदरच्या इमारतींमध्ये भांडी-लादी करते. फाटकावर पिशवी उघडणे म्हणजे काय हे तिला विचारा.

पण मला दुसरी बाजूही सांगायची आहे, आणि ती ऐकून काही सुशिक्षित लोक अस्वस्थ होतात. चोर आमच्याकडेही येतात, आणि पोलिसांकडे जाण्याची हिंमत आमच्यात कमी असते. हप्त्यावर घेतलेला मोबाइल गेला तर हप्ते चालूच राहतात. पाण्याच्या नळासाठी, दुकानासाठी, गाडी लावण्यासाठी वस्तीतल्या दादाला पैसे द्यावे लागतात. संध्याकाळी गल्लीच्या तोंडावर नशा करून बसलेली मुले आमच्या बहिणींना त्रास देतात. त्यामुळे कोणी म्हणाले की गरिबांचे गुन्हे ही केवळ पोलिसांनी आणि मध्यमवर्गाने रचलेली समजूत आहे, तर तेही मला पटत नाही. त्या समजुतीत आमचे नुकसान दिसेनासे होते.

आणखी एक गोष्ट. मी आणि माझा भाऊ एकाच खोलीत, एकाच भाकरीवर वाढलो. तो दोनदा पोलीस ठाण्यात जाऊन आला, मी रात्रशाळेतून पदवी घेतली. गल्लीतल्या मुली मुलांइतक्याच गरीब आहेत, मग त्यांच्यावर गुन्हे का नाहीत? गरिबीचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तलावपाळी_वाचक

सुनीताताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. वाचतो आहे.

प्राध्यापक_सानपाडा

सुनीताताई, आपण मांडलेले दोन्ही मुद्दे या विषयातल्या मोठ्या वादांच्या मुळाशी आहेत.

पहिला मुद्दा. 1970 च्या दशकातल्या मार्क्सवादी अभ्यासकांनी कायदा कोणाच्या हिताचा, शिक्षा कोणाला, हे प्रश्न धारदारपणे विचारले. त्यांच्यातलेच एक, जॉक यंग, पुढे जॉन ली यांच्याबरोबर 1984 मध्ये म्हणाले की रस्त्यावरच्या गुन्ह्याकडे डाव्यांनी दुर्लक्ष केले, आणि त्याचा फटका कष्टकऱ्यांनाच बसला. या विचाराला डावा वास्तववाद म्हणतात. लंडनच्या इस्लिंग्टन भागात घरोघरी जाऊन त्यांनी पीडितांना विचारले, आणि गुन्ह्याची झळ गरिबांना व स्त्रियांना किती बसते हे पुढे आले. सापेक्ष वंचितता (इतरांच्या तुलनेत आपण मागे राहिलो ही जाणीव), राजकारणात आवाज नसणे आणि त्यातून घडणारी उपसंस्कृती (गटाची स्वतःची वेगळी रीत), अशी तिहेरी कारणे त्यांनी दिली.

दुसरा मुद्दा मुलींचा. मर्टन, कोहेन आणि त्याच परंपरेतले क्लोवर्ड व ओहलिन यांनी "तरुण" असे लिहिले आणि मुलगे गृहीत धरले, ही त्यांची खरी उणीव आहे. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी 1969 मध्ये प्रश्नच उलटा केला: माणसे गुन्हा का करत नाहीत? आईवडिलांशी जिव्हाळा, शिक्षणात-नोकरीत गुंतवलेले काही, रोजची व्यग्रता आणि नियमांवरचा विश्वास, हे चार धागे माणसाला धरून ठेवतात असे ते म्हणाले. पॅट कार्लन यांनी 1988 मध्ये गुन्हे केलेल्या 39 कष्टकरी स्त्रियांच्या मुलाखतींवरून लिहिले की या स्त्रियांना एकीकडे कामातून मिळणारा मोबदला नाकारला गेला होता आणि दुसरीकडे घरातून मिळणारा आधारही. एवढे मात्र माझ्याकडून जोडतो: आपल्या गल्लीतल्या मुली गुन्ह्यापासून दूर राहतात त्यात संध्याकाळी सातच्या आत घरात येण्याची सक्तीही आहे. तो केवळ सद्गुण मानून आपण समाधानी होऊ नये.

ऐरोली_आकडेवारी

वैदेहीताईंच्या मूळ प्रश्नाकडे, मोजणीकडे येतो. याची उत्तरे पोलिसांच्या आकड्यांतून मिळणे कठीण आहे, म्हणून 1950 च्या दशकापासून अमेरिकेत मुलांना नाव न लिहिता विचारण्याची पद्धत आली: "गेल्या वर्षात तुम्ही काय काय केले?" तेव्हा वर्गावर्गांतला फरक पोलिसांच्या नोंदींपेक्षा बराच कमी दिसला. 1978 मध्ये टिटल, व्हिलेमेझ आणि स्मिथ यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून वर्ग आणि गुन्हा यांचा संबंध ही दंतकथा आहे, इथपर्यंत मजल मारली. त्यावर जॉन ब्रेथवेट यांनी 1981 मध्ये पुन्हा अभ्यास तपासून संबंध आहे असे दाखवले, आणि त्याआधी एलियट व एजटन यांनी 1980 मध्ये लक्षात आणून दिले की किरकोळ खोड्या आणि गंभीर हल्ले एकाच पारड्यात घातले तर फरक पुसला जातो. वारंवार आणि गंभीर गुन्हे करणाऱ्या थोड्या मुलांत खालच्या वर्गातली मुले अधिक निघतात. त्यामुळे वैदेहीताई, आपला कल अर्धा बरोबर आहे असे माझे मत.

पण तो बरोबर असलेला अर्धा फार महत्त्वाचा आहे. विल्यम चांब्लिस यांनी 1973 मध्ये एकाच शाळेतल्या दोन टोळक्यांचा अभ्यास मांडला. एक आठ सुखवस्तू मुलांचे, दुसरे सहा गरीब मुलांचे. सुखवस्तू मुले शाळा बुडवत, दारू पिऊन गाडी हाकत, चालू रस्त्यावरचे धोक्याचे दिवे आणि अडथळे काढून ठेवत. त्यांच्यापैकी कोणालाही पोलिसांनी औपचारिक अटक केली नाही. त्यांच्याकडे गाडी होती, म्हणून ती गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालत. पकडली गेली तर नम्रपणे बोलत. गरीब मुले कोपऱ्यावर सर्वांच्या नजरेसमोर उभी राहत आणि उर्मट बोलत. गावाने ठरवून टाकले की ही मुले वाया गेली, आणि त्यांतल्या काहींनी पुढे तसेच करून दाखवले.

आपल्याकडे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले, तेव्हा अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाने आधी जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. लोकांचा संताप झाला, आदेश बदलला. सुधारणेची संधी अल्पवयीनाला द्यावी, हे तत्त्व मला मान्यच आहे. त्याच वयाचा, लोकमान्यनगरातला, मोटारसायकल चोरणारा मुलगा त्याच दिवशी समोर असता तर त्याला तितक्याच तत्परतेने ती मिळाली असती का, हे मला कोणी सांगावे.

ॲड_कळवा

ठाण्याच्या न्यायालयात रोज पाहतो ते लिहितो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 122 आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात चोर म्हणून लौकिक असलेला इसम रस्त्यात घुटमळताना आढळला आणि समाधानकारक खुलासा करू शकला नाही, तर तो गुन्हा होतो. हा लौकिक ठरवतो कोण? एकदा नाव रेकॉर्डवर आले की नाकाबंदी, कोम्बिंग (वस्तीभर शोधमोहीम), गणपती, निवडणूक, प्रत्येक वेळी त्याच मुलांना उचलले जाते. मग चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तनाची हमी लिहून घेण्याची कारवाई, पुढे तडीपारीचा प्रस्ताव. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये माणसावर गुन्हेगाराचा शिक्का मारण्याबद्दल लिहिले, त्याची प्रक्रिया मला इथे कागदोपत्री दिसते.

दुसरी पायरी जामिनाची. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, पण जामीनदार आणायचा कुठून? त्याचे रेशनकार्ड, पगारपत्रक, तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून आदेश हातात असूनही मुलगा ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या तुरुंगातच राहतो. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर सर्वोच्च न्यायालयातून कडक शब्दांत निर्णय दिला. तरी आज देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघांच्या आसपास कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला, जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची सोय केली, हे चांगलेच झाले. पण एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. रेकॉर्डवरच्या मुलावर एकच प्रकरण क्वचितच असते.

दुसऱ्या टोकाला 2023 चा जनविश्वास कायदा पाहा. 42 कायद्यांतल्या 183 तरतुदींतली शिक्षा त्याने काढली किंवा सौम्य केली. त्यांतल्या अनेक तरतुदी खरोखर किरकोळ आणि कालबाह्य होत्या, हे मी वकील म्हणून सांगतो. पण किरकोळ चुकीसाठी माणसाला तुरुंगात घालू नये, हा विचार व्यापाऱ्यासाठी आपल्याला चटकन सुचतो.

घणसोली_विमुक्त

शिक्क्याची चर्चा चालली आहे म्हणून लिहितो. आमच्या समाजाला तो जन्मतःच मारला जातो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा मानला, आणि 1911 च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. माझे पणजोबा सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत होते. गिरणीत कामाला जायचे, हजेरी द्यायची, रात्री परत कुंपणात. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला आणि आम्ही विमुक्त झालो. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

वर मर्टन, कोहेन यांच्याबद्दल वाचले. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी वर्ग पाहिला. इथे वर्गाच्या खाली जात आहे, आणि ती वगळून आपल्याकडच्या गुन्ह्याचे समाजशास्त्र लिहिता येणार नाही. आजही पालावर चोरीचा माल शोधायला पोलीस येतात तेव्हा पगार किती हे विचारत नाहीत, आडनाव विचारतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक करू नका असेही बजावले. एवढे सांगायला 2024 उजाडावे लागले, याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

मीरारोड_रहिवासी

सदरलँड यांच्या "गुन्हा शिकला जातो" या मुद्द्याला आमच्याकडचे उदाहरण देतो. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि 700हून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे सांगून तिथल्या लोकांना घाबरवून पैसे उकळले जात होते. आत बसलेली मुले-मुली इंग्रजी बोलणारी, नीटनेटकी, अनेक जण पहिल्याच नोकरीवर. काय बोलायचे याची लिहिलेली संहिता होती, प्रशिक्षण होते, प्रोत्साहन भत्ता होता. त्यांना कोणत्याच संकुलाच्या फाटकावर कोणी अडवले नसते.

क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी 1960 मध्ये म्हटले होते की सनदशीर संधीप्रमाणे बेकायदा संधीही सर्वांना सारखी मिळत नाही. इंग्रजी येणाऱ्या मुलाला दूरध्वनीवरची फसवणूक मिळते, न येणाऱ्याला तांब्याची नळी. वर्गामुळे गुन्ह्याचा प्रकार ठरतो, हे मला त्यातून सर्वांत स्पष्ट दिसते.

कोपरीकर

मीरा रोडचे उदाहरण मला पटले, आणि सुनीताताईंचेही. वस्तीतले गुन्हे खोटे नाहीत आणि इमारतींतले गुन्हे आपण मोजत नाही, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पण वैदेहीताईंच्या समितीला उद्या सकाळी काही तरी करावेच लागेल. नळ्या गेल्या आहेत, प्रत्येक घराला खर्च आला आहे. तपासणी बंद करा एवढेच सांगितले तर सभेत कोणी ऐकणार नाही.

वैदेही_मानपाडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोपरीकर, आपला प्रश्न रास्त आहे. आजवर नोंदवहीत ज्या वस्तू लिहिल्या गेल्या त्या मी वाचल्या: उसळ, जुनी साडी, पोळ्या, वह्या. तांबे एकदाही नाही. मी रविवारच्या सभेत असा ठराव मांडणार आहे की पिशव्यांची तपासणी थांबवावी आणि संकुलातून धातू, यंत्र किंवा बांधकामाचे साहित्य बाहेर नेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कंत्राटदार असो वा रहिवासी, सदनिकाधारकाच्या सहीचा गेटपास लागावा. गच्चीच्या दाराची किल्ली सध्या कोणाकोणाकडे आहे याची यादीही समितीने करावी. ती आजवर कोणी केलेली नाही. ॲडव्होकेट साहेब, खासगी रखवालदाराला झडतीचा अधिकार असतो का?

ॲड_कळवा

नाही. झडतीचे अधिकार कायद्याने पोलिसांना दिले आहेत, आणि तिथेही स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची असते. रखवालदार संमतीनेच पिशवी पाहू शकतो, आणि नकार दिला तर काम जाईल अशा स्थितीतल्या बाईच्या संमतीला कितपत संमती म्हणायचे हा प्रश्न सभेत अवश्य विचारा. एखाद्याने डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा केला तर खासगी व्यक्तीला त्याला धरता येते, पण नव्या संहितेच्या कलम 40 प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. ठरावात गेटपासची अट रहिवाशांनाही लागू आहे हे स्वतंत्र वाक्यात लिहा, नाहीतर अंमलबजावणीत ती गळून पडेल.

लोकमान्यनगर_सुनीता

वैदेहीताई, त्या सभेत घरकाम करणाऱ्यांपैकी कोणाला बोलता येईल का? गच्चीची किल्ली कोणाकडे असते, कोणता कंत्राटदार दुपारी वर जातो, हे आईसारख्या बायकांना समितीपेक्षा अधिक माहीत असते. त्यांना आजवर फक्त पिशवी उघडायला सांगितले आहे, काय पाहिले हे कोणी विचारलेले नाही.

वैदेही_मानपाडा

सभेत मत देण्याचा अधिकार सभासदांनाच असतो, पण निमंत्रित म्हणून कोणाला बोलावण्यास उपविधींत आडकाठी नाही. मी सचिवांना आज लेखी पत्र देते. आपल्या आईंना रविवारी सकाळी अकराला वेळ असेल तर कळवा. दोन कामांच्या मधली वेळ सोयीची असेल तर मी सभेची वेळ बदलून घेण्याचा प्रयत्न करीन.